शेजारच्या सीटचा पट्टा

ही गोष्ट खरी आहे.

खोटी असती तर मी ती रात्री घडवली असती.

पण घडली ती भर दुपारी, लख्ख उन्हात. पाण्याच्या टाकीमागे एक मोकळं मैदान आहे. आमच्या भागातले सगळे नवशिके तिथे गाडी शिकतात. एका बाजूला बंद कारखान्याची भिंत, दुसऱ्या बाजूला लोखंडी खांब, मध्ये खडी. भुताला बसायला सावलीसुद्धा नाही.

आणखी एक सांगून टाकतो, म्हणजे जाणकारांचा विरस व्हायचा तो आधीच होईल. गाडी जुनी घेतलेली नव्हती. आधीचा मालक, त्याचा खून, डिकीतले डाग... यातलं काही नाही. गाडी आम्हीच नवीकोरी आणली होती. तिच्यात कधी कोणी मेलं नव्हतं. भांडणं झाली, पण ती सगळ्यांच्याच गाडीत होतात.

बरीच वर्षं ती गुमान चालली.

मग आमच्या मुलीने गाडी शिकायला घेतली.

तिला घरात आम्ही भिंगरी म्हणतो. एका जागी थांबेल तर शपथ. लायसन्सची परीक्षा तोंडावर आली होती. रोज दुपारी कॉलेजमधून आली की आम्ही मैदानात. ती स्टिअरिंगवर, मी शेजारी.

शेजारी म्हणजे मी नुसता बसत नसे.

वळण आलं की माझा हात स्टिअरिंगवर जायचा. थोडासाच. आधाराला.

"बाबा, हात काढ."

"मी फक्त धरलंय."

"तू ओढतोयस."

"ओढत नाहीये. सुचवतोय."

"मग परीक्षेलाही तूच बस ना. मी मागे बसून डबा खाते."

मी हात काढायचो. पुढच्या वळणाला तो परत तिथेच असायचा.

अशाच एका वळणावर पहिल्यांदा तो आवाज आला.

कर्रर्र... टक.

पुढच्या चाकाकडून. स्टिअरिंग माझ्या बाजूला वळवलं की यायचा. झोपेत कोणी दात खावेत आणि शेवटी जबडा मिटावा, तसा.

"हे तुझ्यामुळे," भिंगरी म्हणाली. "दोघांनी ओढल्यावर काय होणार त्याचं?"

मी म्हणालो, ऑइल संपलं असेल.

आमच्या मेकॅनिकला सगळे डॉक्टर म्हणतात. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून ठोके ऐकतो, म्हणून. शिवाय रोग सापडेपर्यंत एकेक अवयव बदलत जातो, म्हणूनही. त्याने स्टिअरिंगचं ऑइल बदललं. पंपाचा पट्टा आवळला. चाकाला स्टिअरिंगशी जोडणारे दांडे बदलले. मग बॉल जॉइंट. दर वेळी तो स्वतः एक फेरी मारून यायचा आणि सांगायचा, "बघा साहेब, आता लोण्यासारखी."

तो चालवायला बसला की गाडी एकदम सोज्वळ.

घरी आणली की... कर्रर्र. टक.

पण हे सगळं दुरुस्तीच्या पोटात मावणारं होतं. न मावणारी गोष्ट पहिल्यांदा बायकोने सांगितली.

ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करते. घाबरणं हा तिचा प्रांत नव्हे. त्या दिवशी ती गाडी घेऊन एकटीच कामाला गेली होती. संध्याकाळी चहा गाळता गाळता म्हणाली, "अहो, तो आवाज आला आजही. आणि पिपाणी वाजत होती."

"कसली?"

"शेजारच्या सीटची. माणूस बसला आणि बेल्ट लावला नाही की वाजते ती."

"मग पर्स ठेवली असशील सीटवर."

"पर्स मागे होती."

"सेन्सर गेला असेल."

"असेल," ती म्हणाली. मग कप माझ्यापुढे सरकवत, "फक्त वळणावर जातो का हो सेन्सर?"

मी चहा प्यायलो. उत्तर नसलं की मी चहा पितो.

शनिवारी दुपारी आम्ही दोघं गाडी घेऊन गॅरेजवर गेलो. डॉक्टरच्या मते आता एकच अवयव शिल्लक होता. पुढच्या शॉकअपच्या डोक्यावरचं बेअरिंग. ते अडकलं की वळताना स्प्रिंग पिळवटते आणि एकदम सुटते. हे पकडायची रीत अशी, की एकाने इंजिन चालू ठेवून स्टिअरिंग शेवटपर्यंत फिरवायचं आणि दुसऱ्याने चाकाच्या वर हात घालून स्प्रिंग मुठीत धरायची. बेअरिंग खराब असेल तर हाताला झटका बसतो.

"मी सांगेन तेव्हाच फिरवायचं, साहेब," डॉक्टर शेजारच्या सीटकडच्या चाकापाशी उकिडवा बसत म्हणाला. "मध्येच हौस नको. हात आहे माझा, ऊस नाही."

मी ड्रायव्हरच्या सीटवर. बायको दाराशी उभी. शेजारची सीट रिकामी.

मी स्टिअरिंग एका टोकाला नेलं. डॉक्टरने चाकाच्या वरच्या फटीतून कोपरापर्यंत हात आत घातला.

पीं... पीं... पीं...

पिपाणी सुरू झाली.

"ते बंद करा हो. मला इकडे काही ऐकू येत नाही."

"सेन्सर गेलाय."

"मग बेल्ट लावून टाका नुसता. गप बसेल."

हे सगळेच करतात. मीही केलं. शेजारचा पट्टा ओढला, रिकाम्या सीटवरून आणला आणि खाचेत घातला.

खट्.

पिपाणी थांबली.

रिकाम्या सीटवर लावलेला पट्टा सीटच्या पाठीला चिकटून राहतो, हे तुम्हीही पाहिलं असेल. हा राहिला नाही. तो पुढे उभा राहिला. छातीएवढी जागा सोडून, ताठ.

आणि जरासा हलला. आत... बाहेर. आत... बाहेर.

मला वाटलं, इंजिनाची थरथर.

"आता स्टिअरिंग सोडा साहेब, दोन्ही हात वर करा," डॉक्टर म्हणाला. "मी चाचपतो."

मी दोन्ही हात वर केले. बायकोने पाहिलं. हे मी मुद्दाम सांगतोय.

स्टिअरिंग फिरलं.

हळूहळू नाही. एका हिसक्यात, या टोकापासून त्या टोकापर्यंत. चाक डॉक्टरच्या हातावर दाराप्रमाणे मिटलं. कर्रर्र... टक. या वेळी टक चाकाचा नव्हता.

डॉक्टर ओरडला नाही. त्याने फक्त श्वास आत घेतला आणि तो बाहेर सोडायचं विसरला.

मी स्टिअरिंगवर झेप घेतली. उलट ओढलं. जागचं हलेना. इंजिन बंद केलं, पाय डॅशबोर्डला लावून ओढलं. पलीकडून कोणीतरी तेवढ्याच जोराने धरून बसलं होतं. चाकाखालून रक्त आलं, आधी थेंबथेंब आणि मग धार लागली. बायकोने ओढणी सोडून डॉक्टरच्या दंडाला करकचून बांधली आणि मला म्हणाली, "अहो, जोर लावा," जसं बरणीचं झाकण उघडायला सांगते तसं.

मग ते एकदम सुटलं. कंटाळून सोडावं तसं.

हात बाहेर आला तेव्हा मनगट दोन ठिकाणी वाकलं होतं आणि हाड बाहेर आलं होतं. शेजारच्या टायरवाल्याने डॉक्टरला टेंपोत घालून दवाखान्यात नेलं. जाता जाता डॉक्टर माझ्याकडे बघत म्हणाला, "साहेब, मी नको म्हणालो होतो ना."

तुम्ही म्हणाल, यानंतर त्या गाडीत कोण बसेल?

आम्ही बसलो. आम्ही शिकलेली माणसं. पंप बिघडला, दाब वाढला, चाक फिरलं. शिकलेल्या माणसाला दोन वाक्यांत धीर येतो. शिवाय गाडी गॅरेजच्या दारात आडवी होती आणि टायरवाला काढा म्हणून मागे लागला होता. बायकोने किल्ली माझ्याकडून काढून घेतली आणि चालवायला बसली. मी शेजारी बसायला गेलो, तर पट्टा निघेना. लाल बटण दाबलं, ठोकलं, शिव्या दिल्या. मुकाट्याने मागे बसलो.

टाकीच्या उतारापर्यंत सगळं ठीक होतं.

समोरून बस आली. बायकोने गाडी कडेला घेतली.

कर्रर्र...

"अहो, हात काढा," ती म्हणाली.

"मी मागे आहे."

तिने आरशात पाहिलं. मी मागे होतो. दोन्ही हात पुढच्या सीटच्या पाठीवर, तिला दिसतील असे.

स्टिअरिंग बसच्या दिशेने वळू लागलं. बायकोने उलट ओढलं. तिच्या हाताच्या शिरा फुगल्या. एकाएकी तिचा शेजारच्या सीटकडचा हात स्टिअरिंगवरून उचलला गेला, हवेत, मनगटापासून... आणि तिच्याच तोंडावर आपटला. एकदा. परत. तिसऱ्यांदा ओठ फाटला. ती एका हाताने स्टिअरिंगला लोंबकळली आणि ब्रेकवर उभी राहिली. बस आरसा घेऊन गेली. ड्रायव्हरने आमच्या घराण्याचा उद्धार केला.



घरी आल्यावर बायकोने दिव्याखाली मनगट धरलं. काळेनिळे वळ उठले होते. अंगठा एका बाजूला, बोटं दुसऱ्या बाजूला. पहिली तीन बोटं पुरी. चौथं, करंगळीचं, अर्ध्यावर संपलेलं.

तिने त्याचा फोटो काढला. शेजारी मोजायची पट्टी ठेवून. लॅबची सवय.

मग तिने माझा हात ओढून पाहिला. माझी करंगळी शाबूत होती. तिने हात सोडला. मला राग यायला हवा होता, पण हायसंच वाटलं.

"या गाडीला कोणी हात लावायचा नाही," मी जाहीर केलं.

"माझी परीक्षा आहे," भिंगरी म्हणाली.

"आईचं तोंड बघ."

"बघितलं. पण तू तरी सांग, झालं काय?"

सांगणार काय? पंप, दाब, चाक. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, "म्हणजे तुलाही माहीत नाही." मी किल्ली टेबलाच्या खणात टाकली. कुलूप लावलं नाही. आमच्या घरात खणांना कुलपं नाहीत, आवाज चढवण्यावर भागतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही नवराबायको डॉक्टरला बघायला दवाखान्यात गेलो. हातातून लोखंडी सळ्या निघालेल्या, पण तोंड शाबूत होतं.

"वहिनी म्हणतात तुमचे हात वर होते," तो मला म्हणाला. "मग त्यांनी फिरवलं असेल."

"कोणी?"

"शेजारी बसले होते ते. मी खालून वर बघितलं ना हात अडकला तेव्हा. बेल्ट लावून बसलेले. तुमचे भाऊ का? चेहरा अगदी तसाच."

"मला भाऊ नाही."

"असं होय," डॉक्टर म्हणाला. "तुमच्यापेक्षा जरा हसतमुख वाटले."

सिस्टर म्हणाली, औषधाचा अंमल आहे, फार बोलवू नका.

आम्ही रिक्षाने घरी आलो.

खण उघडा होता.

गाडी जागेवर नव्हती.

मी कधी पळत नाही. त्या दिवशी पळालो. टाकीला वळसा घातला तेव्हा आधी धूळ दिसली, मग जळक्या रबराचा वास आला, मग आवाज.

कर्रर्र... कर्रर्र... कर्रर्र...

न थांबता. गाडी मैदानाच्या मध्यभागी गोल फिरत होती. स्टिअरिंग शेवटपर्यंत वळलेलं. खडी उडून भिंतीवर आदळत होती.

भिंगरी सरळ बसलेली नव्हती. तिचा एक हात स्टिअरिंगच्या दांड्यांमधून आरपार गेला होता आणि नको तिथे वाकला होता. ती शेजारच्या सीटकडे ओढली जात होती, केसांनी. केस ताठ, आडवे, हवेत. पाय ॲक्सिलरेटरवर अडकलेला. तिचं कपाळ एकसारखं डॅशबोर्डवर आपटत होतं. आपटत होतं म्हणजे... आपटलं जात होतं.

तिने मला पाहिलं. काचेतून तिचे ओठ मला वाचता आले.

बाबा, हात काढ.

गाडी वळत होती त्या आतल्या बाजूला शेजारचं दार होतं. मी धावत गेलो, फरपटलो, दुसऱ्या फेरीला दार पकडलं. उघडलं. सीटवर कोणी नव्हतं.

पण मला आत शिरता येईना.

खांद्याला खांदा लागत होता. गुडघ्याला गुडघा. पट्टा पुढे तटतटलेला आणि जोरजोरात आत... बाहेर होत होता. मी हवेत गुद्दे मारले. ते लागले. कशाला लागले ते विचारू नका. एक गुद्दा मला परत मिळाला. माझे दोन दात त्या खडीत आहेत, कोणाला खात्री करायची असेल तर.

खाली पडता पडता हाताला लाल बटण लागलं.

आदल्या दिवशी ठोकूनही न उघडलेला तो पट्टा बोट टेकताच उघडला. खट्. माझीच वाट बघत असल्यासारखा.

जागा झाली.

कोणीतरी उठलं आणि मला जागा दिली. मी बसलो.

सीट गरम होती.

पीं... पीं... पीं... पिपाणी सुरू झाली. या वेळी बरोबर होती. मी बसलो होतो आणि पट्टा लावला नव्हता.

भिंगरीचे केस सुटून तिच्या खांद्यावर पडले. मी स्टिअरिंगवर हात टाकला आणि जीव खाऊन उलट ओढलं. फिरलं. लोण्यासारखं. गाडी सरळ झाली आणि सरळ त्या खांबांकडे निघाली.

धडकेबरोबर स्टिअरिंग उलटं फिरलं. माझा हात दांड्यांत होता.

शुद्धीवर आलो तेव्हा सगळ्यात आधी भिंगरी दिसली. तिच्या नाकातून रक्त येत होतं, हात तुटला होता, कपाळाला खोक पडली होती. पण ती बसून बोलत होती. मला शिव्या देत होती. इतकं छान मला आयुष्यात काही ऐकू आलेलं नाही.

गाडी भंगारात गेली. डॉक्टरच्या सांगण्यावरून दुसऱ्या एका मेकॅनिकने ती आधी पूर्ण खोलून पाहिली. बेअरिंग उत्तम, पंप उत्तम, सेन्सरसुद्धा उत्तम होता.

भिंगरीचा हात जुळला. ती काही महिन्यांनी परीक्षा पास झाली, पहिल्या फटक्यात. शेजारी परीक्षक होता, मी नव्हतो. मी गोष्ट इथे संपवली असती.

पण त्याआधी माझ्या हाताचं बँडेज सुटलं.

करंगळी अर्धीच राहिली होती. वरचा तुकडा स्टिअरिंगच्या दांड्यापाशी पडला होता, जोडण्याच्या लायकीचा नव्हता.

त्या संध्याकाळी बायको बराच वेळ माझ्या हाताकडे बघत होती. मग ती फोन घेऊन आली. फोटो उघडला. मी विचारलं नाही कोणता. तिने माझा हात टेबलावर ठेवला, शेजारी मोजायची पट्टी ठेवली, आणि एकेक बोट मोजलं.

करंगळी सगळ्यात शेवटी.

मग तिने पट्टी जागेवर ठेवली आणि म्हणाली, "चहा घेता?"

तेव्हापासून आम्ही त्यावर बोललेलो नाही. ती माझ्या दुसऱ्या बाजूला झोपते.

आणखी एक. त्याच हाताचं मनगट वळवलं की आवाज येतो. किल्ली फिरवताना, नळ बंद करताना. कर्रर्र... टक. हाडांच्या खऱ्या डॉक्टरांनी एक्स-रे काढले. म्हणाले, काही दोष नाही, वय झालं.

आता नवी गाडी आहे. भिंगरी चालवते, छान चालवते. मला म्हणते, "बाबा, पुढे ये ना. काही नाही होत."

मी मागे बसतो. तिच्या थेट मागे नाही, तिरका, जिथून माझा हात स्टिअरिंगपर्यंत पोचणार नाही. पुढची सीट रिकामी असते. पिपाणी कधीच वाजत नाही. सुरुवातीला मला त्याचं बरं वाटायचं. मग एकदा लक्षात आलं, की न वाजायचं कारण उघड आहे.

तिथे आता कोणी बसत नाही.

वळण आलं की मी दोन्ही हात मांड्यांखाली घालतो आणि सगळं वजन टाकून त्यांच्यावर बसतो.

"बाबा, कसला आवाज येतोय?" काल तिने विचारलं.

"मनगट माझं."

"हलवू नको ना मग."

मी हलवत नव्हतो.